विहिरीवरचं सिम कार्ड

रेवा आणि नील,

हा लेख दिवाळी अंकात छापून येणार असला, तरी लिहिते आहे तुम्हा दोघा नातवंडांसाठी. संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले होते. मी दोन महिने टाळाटाळ केली. गेल्या मंगळवारी संध्याकाळी मात्र वही काढली आणि तारीख घालून बसले.

मंगळवारी काय झालं, ते रेवाला माहीत आहे, नीलला नाही. रेवा, तू शिकायला परदेशी गेल्यापासून तुझं इथलं सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घालून मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं आहे, चहाच्या डब्याशेजारी. दुपारी तो फोन वाजला. तुझ्या खात्यातून पैसे पाठवण्यासाठीचा ओटीपी होता. मी चष्मा लावून तुझ्या फोनची वाट पाहत उभी राहिले. फोन आला नाही. दहा मिनिटांनी दुसरा ओटीपी आला, मग तिसरा. चहा उकळून आटून गेला. शेवटी मीच फोन केला, तर तू म्हणालीस, ‘‘चुकून दाबलं गेलं गं आजी. सगळं ठीक आहे.’’ आणि थोड्या वेळानं पुन्हा, ‘‘खरंच सगळं ठीक आहे.’’

मी बँकेत आयुष्य काढलं. चुकून एकदा दाबलं जातं, तीनदा नाही. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. वर्तमानपत्र उघडते, तीच ओळ तीनदा वाचते. म्हणून तुला धुळ्याची एक गोष्ट सांगते. फोनवर सांगितली असती तर तू ‘हो आजी, हो आजी’ करत राहिली असतीस.

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी धुळ्याच्या शाखेत होते. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जळगावहून जायचं, आठवडाभर एका खोलीत राहायचं आणि शनिवारी परत यायचं. माझ्याकडे परदेशी पैसे पाठवायचं टेबल होतं. ते मला मिळालं त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, परदेशी विद्यापीठांची चार-चार पानी पत्रं न अडखळता वाचू शकत होते, एवढंच. साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, हे तुम्हीच बघा,’’ आणि ते टेबल निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे राहिलं.

काम बाहेरून दिसायला सोपं होतं. आईबापांनी रुपये द्यायचे, बँकेनं त्यांचे पौंड किंवा डॉलर करून विद्यापीठाच्या खात्यात पोचवायचे. पण पेपरात छापून येतो तो दर वेगळा आणि बँक विकते तो वेगळा. वाटेतली एखादी बँक आपला खर्च कापून घेते आणि फी पंधरा पौंडांनी कमी पोचते. तेवढ्यासाठी विद्यापीठ पत्र पाठवतं आणि पोरगं तिकडे रडकुंडीला येतं. शिवाय दुपारी अडीचची वेळ असते. परदेशी रकमेचा व्यवहार अडीचच्या आत झाला तर त्या दिवशीचा, नाहीतर पुढच्या कामाच्या दिवसाचा. शुक्रवारी अडीच वाजून एक मिनिट झालं की तो थेट सोमवार. हे अडीच माझ्या अंगात इतके भिनले आहेत की अजूनही दुपारी त्या सुमाराला मी उगाच घड्याळाकडे बघते.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. एक कापडाचे व्यापारी शेठजी होते, राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, तीन पिढ्या धुळ्यात. मुलगा इंग्लंडला. रोज सकाळी साडेदहाला त्यांचा फोन यायचा.

‘‘मॅडम, आज काय भाव?’’

‘‘शेठजी, कालच्यापेक्षा तीस पैसे वर.’’

‘‘थांबू. उतरेल.’’

‘‘फीची तारीख जवळ आलीय.’’

‘‘अहो मॅडम, बाजार म्हटला की उतरतोच. मी चाळीस वर्षं दुकान उगाच नाही चालवत.’’

ते महिनाभर थांबले आणि पौंड महिनाभर चढत राहिला. शेवटी चढ्या भावानं पैसे गेले, वर उशिराचा दंड बसला. पावती घेताना म्हणाले, ‘‘कापड असतं तर गोदामात ठेवून दिलं असतं. ह्या पौंडाला ठेवायचं कुठं?’’ दुसऱ्या वर्षी त्यांनी तारखेच्या आधी पंधरा दिवस येऊन पैसे भरले आणि मला भाव विचारला नाही. मीही सांगितला नाही.

आता अश्विनी.

अश्विनी शिंदखेड्याजवळच्या एका गावातली. वडील एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. गाव त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणायची. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठे होते, पण मला ताई म्हणायचे. चार एकर शेत, स्वतःची विहीर, घरात टापटीप. मुलीनं धुळ्यात इंजिनिअरिंग केलं आणि इंग्लंडला एका वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळवला. आबांनी कर्ज घेतलं नाही. निवृत्तीचे आलेले पैसे तसेच्या तसे मुलीच्या खात्यात टाकले. फीचा पहिला हप्ता जाण्याआधी इथूनच भरला. दुसरा जानेवारीत, तिकडून तिनं ऑनलाइन भरायचा होता.

निघायच्या आदल्या आठवड्यात दोघं माझ्यासमोर बसली होती. मी नेहमीप्रमाणे यादी वाचली. कागदांच्या दोन प्रती ठेव. पहिले दोन महिने प्रत्येक वस्तूची किंमत मनात रुपयांत करशील, करू नकोस, नाहीतर उपाशी राहशील. इथलं सिम वडिलांकडे ठेवून जा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. आणि आबांना बजावलं, ‘‘रिचार्ज चुकवू नका. हा नंबर मेला तर खात्याचं दार बंद.’’

एक गोष्ट राहिली. खातं वडिलांनाही चालवता यावं म्हणून मुलीच्या सहीचं अधिकारपत्र घेतात. ते मी सगळ्यांकडून घ्यायची. त्या दिवशी रांग मोठी होती आणि मुद्रांकविक्रेता जेवायला गेला होता. अश्विनी म्हणाली, ‘‘मॅडम, ऑनलाइन तर सगळं होतं.’’ मी म्हटलं, बरं. हे ‘बरं’ माझ्या नोकरीतलं सगळ्यात महागडं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी साडेअकराच्या सुमाराला मी मेल उघडली. अश्विनीचं पत्र होतं. तिच्याकडे तेव्हा जेमतेम सकाळचे सहा. फीची शेवटची तारीख तोच दिवस. न भरल्यास नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द म्हणजे व्हिसाही धोक्यात. खाली एकच ओळ होती : ‘मॅडम, आबा मला ओटीपी सांगत नाहीत.’

मी व्हॉट्सअॅपवर तिला फोन लावला. झालं होतं असं. घरातला एकुलता स्मार्टफोन आईचा, आणि आई थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला भडगावला गेलेली. आबांकडे बटणांचा साधा फोन. अश्विनीनं बुधवारी इंटरनेटवरून त्या फोनला कॉल केला. आबांना भलताच लांबलचक नंबर दिसला, आतून मुलीचा आवाज आला, आणि तो आवाज म्हणाला, ‘‘आबा, बँकेचा कोड आलाय का, तेवढा सांगा.’’

आबांनी फोन कापला. नंतर त्या नंबरचे सगळे कॉल कापले. आईनं भडगावहून समजावलं, तर आपल्या अहिराणीत तिला म्हणाले, ‘‘तुले बी फसाडं.’’ म्हणजे तुलाही फसवलं.

ह्यातही माझाच हात होता. दिवाळीनंतर फसवणुकीबद्दल जागृती करायला बँकेनं आम्हाला गावोगाव पाठवलं होतं. शिंदखेड्याच्या मेळाव्यात पोस्टर घेऊन बोलणारी मीच. ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेचा माणूस मागेल तरी सांगू नका, आता तर तुमच्या मुलाबाळांचा आवाजही हुबेहूब काढतात. पहिल्या रांगेत आबा बसले होते. टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या होत्या.

‘‘पण अश्विनी, आजपर्यंत का थांबलीस गं? हप्त्याची तारीख तर तुला ऑक्टोबरपासून माहीत होती.’’

ती म्हणाली, ‘‘मॅडम, निम्मे पैसे मी कामातून जमवणार होते. आबांचे सगळे वापरायचे नव्हते. आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही. जमतील जमतील म्हणून थांबले.’’

‘‘जेवतेस ना?’’

‘‘रविवारी गुरुद्वारात पोटभर.’’

मी बाकीच्या सहा वारांचं विचारलं नाही.

घड्याळात पावणेबारा. आधी खात्री करावी म्हणून मी अश्विनीच्या इथल्या नंबरवर फोन लावला. एका घंटेतच उचलला गेला आणि एक रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, ‘‘मोटर चालू आहे. बंद करण्यासाठी तीन दाबा.’’

मी फोन ठेवला. आकडे एकेक करून तपासत पुन्हा लावला. बाई पुन्हा म्हणाली, मोटर चालू आहे.

मग आबांच्या नंबरवर लावला.

‘‘हा ताई, बोला.’’

‘‘आबा, अश्विनीचं सिम कुठे आहे?’’

‘‘शे ना. चालू शे. महिनाना महिना रिचार्ज मारस मी.’’

‘‘पण ठेवलंय कुठे?’’

‘‘शेतमा. मोटरले लायेल शे.’’

तुम्ही दोघं पुण्यात वाढलात म्हणून सांगते. विहिरीवरच्या मोटरला आता एक डबी बसवतात, तिच्यात सिम असतं. घरबसल्या त्या नंबरला फोन केला की मोटर चालू होते, बंद होते. आबांनी तिच्यात मुलीचं सिम घातलं होतं. मी ‘मोटरला?’ म्हटलं, तर उलट त्यांनीच मला समजावलं.

‘‘तुम्हीच सांगं व्हतं ना ताई, नंबर मरू द्यानं नही. मंग मोटरना सिमले येगळा पैसा, हाऊ सिमले येगळा पैसा, कसाले? एकच टाकी दिधं.’’

ह्या हिशेबात मला आजही चूक सापडत नाही. सिम जिवंत होतं, रिचार्ज वेळेवर होत होतं. फक्त बुधवारपासून इंग्लंडहून मागवलेले सगळे ओटीपी शिंदखेडा तालुक्यातल्या एका विहिरीवर जात होते.

मी म्हटलं, ‘‘आबा, आत्ताच्या आत्ता शेतात जा. ते सिम काढून तुमच्या फोनमध्ये घाला आणि मला फोन करा. अडीचच्या आत अश्विनीची फी गेली पाहिजे.’’

‘‘गहूले पानी चालू शे ताई. तीन वाजता लाईट जाई.’’

‘‘आबा, अडीच वाजता अश्विनीचं वर्ष जाईल.’’

पलीकडे काही क्षण नुसता मोटरसायकलच्या किकचा आवाज. मग फोन बंद.

खरा त्रास तिथून सुरू झाला. आबांच्या फोनमध्ये एकाच सिमची जागा. त्यांचं काढून मुलीचं घालायचं, म्हणजे मधल्या वेळात त्यांचा कुठलाच नंबर लागणार नाही. साडेबारा वाजले, एक वाजला. मी खुर्चीतून उठायची, पाण्याच्या माठापर्यंत जायची, पाणी न पिता परत यायची. एका पेन्शनरांच्या पासबुकात नोंद करताना दुसऱ्याचंच पासबुक मशीनमध्ये घातलं. आमचे रोखपाल महाजन काचेआडून बघत होते. म्हणाले, ‘‘मॅडम, बसा. तुम्हाला पाहून गिऱ्हाइकांना वाटतंय बँक बुडाली.’’

एक चाळीसला माझा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव आलं, अश्विनी. आवाज आबांचा.

‘‘डबीले गंजेल स्क्रू व्हता. काढा एकदाना.’’

‘‘छान. आता अश्विनी कोड मागवेल. तुमच्या फोनवर येईल. तो तिला सांगा.’’

‘‘नही ताई.’’

‘‘नाही म्हणजे?’’

‘‘तुम्हीच पोस्टरवर दखाडं व्हतं. बँकना मानूस बी मांगस तरी देवानं नही. तुम्ही बँकना मानूस शेतस का नही?’’

मी बँकेची होते आणि ओटीपी द्या म्हणत होते. नियम मीच शिकवलेला आणि नियम बरोबर होता. ते चुकले असते तर मी त्यांना रागावले असते. आबा माझं ऐकत होते, हीच अडचण होती.

शेवटी म्हटलं, ‘‘आबा, मला नकाच सांगू. मी ऐकणारही नाही. पण ती तुमची अश्विनी आहे की नाही, हे तुम्हीच तपासा. तिला असं काहीतरी विचारा, जे दुसऱ्या कुणालाही माहीत नसेल.’’

त्यांना ते पटलं. तिचा कॉल मात्र ते काही केल्या उचलेनात. लांबलचक नंबर दिसला की त्यांचं बोट आपोआप लाल बटणावर जाई. मग मी महाजनांचा मोबाइल मागितला.

‘‘मॅडम, चार्जिंग कमी आहे.’’

‘‘पंधरा मिनिटं पुरेल?’’

‘‘पुरेल. पण माझ्या फोनवरून कुणाचं लग्न ठरवताय?’’

त्यांच्या फोनवर अश्विनी, माझ्या फोनवर आबा. दोन्हींचे स्पीकर चालू केले आणि दोन्ही फोन रेकॉर्ड रूममध्ये नेऊन जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यावर एकमेकांसमोर ठेवले. दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. दोन वाजून सहा मिनिटं.

तीस वर्षं एसटी हाकलेल्या माणसाचा आवाज दाराला जुमानत नाही.

‘‘तू पयलीमा व्हती, तवय मनी गाडीमा काय इसरी गयथी?’’

अश्विनीचा आवाज बारीक आला. ‘‘चप्पल, आबा. एकच. उजवी.’’

आबा म्हणाले, ‘‘डावी पायमाच व्हती ना मंग, येडी.’’

आतून कोणीतरी नाक ओढलं. कोण ते मला कळलं नाही आणि मी तिथून चार पावलं लांब गेले, कारण आता आकडे येणार होते. तेवढ्यात आत सगळं चिडीचूप झालं. डोकावले तर माझ्या फोनवरचा कॉल तुटलेला. मेसेज बघायला म्हणून आबांनी लाल बटण दाबलं होतं. तो ओटीपी वाया गेला. तीन वेळा चुकलं की खातं चोवीस तास बंद, हे मला माहीत होतं, आबांना नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पुन्हा फोन लावला. ‘‘आबा, लाल बटण दाबू नका. फोन कानापासून लांब धरा, मधल्या बटणानं मेसेज उघडा आणि वाचा.’’ पुन्हा दार ओढलं. ह्या वेळी मी थेट कॅश काउंटरपर्यंत गेले आणि महाजनांशी मोठमोठ्यानं हवेबद्दल बोलत राहिले.

दोन एकोणीसला माझ्या टेबलावरच्या संगणकात व्यवहार दिसला. मी तपासला, मंजूर केला, पुढे पाठवला. दोन सव्वीस. हात टेबलावर सपाट ठेवून बसून राहिले.

दोन अठ्ठावीसला फोन. आबा, घाबरलेले.

‘‘ताई! मेसेज उना! बठ्ठा पैसा गया ना खात्यामाईन!’’

‘‘आबा, तो जायलाच हवा होता. फी भरली गेली.’’

‘‘बठ्ठाच?’’

‘‘जवळजवळ सगळा.’’

ते म्हणाले, ‘‘मंग चांगलं व्हयनं.’’ आणि लगेच, ‘‘ताई, पोरले म्हना, जेवत जाय. आवाज बारीक झायेल शे तिना.’’

रेवा, मी जे तिच्याकडून गुरुद्वाराची गोष्ट ऐकून जाणलं होतं, ते ह्या माणसानं चपलेच्या एका उत्तरावरून ओळखलं.

सोमवारी आबा शाखेत आले. मी अधिकारपत्राचा नमुना काढून ठेवला होता. तो अश्विनीला पाठवला, तिनं सही करून परत पाठवला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकाही विद्यार्थ्याला मी अधिकारपत्राशिवाय उठू दिलं नाही, मुद्रांकविक्रेता जेवत असो नाहीतर झोपलेला असो. पोस्टरच्या भाषणातही बदल केला. ओटीपी सांगू नका, हे तसंच ठेवलं. पुढे जोडलं, ‘तुमचं मूल परदेशात असेल तर एक प्रश्न आधीच ठरवून ठेवा.’ वरिष्ठांनी विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे? मी म्हटलं, शिंदखेड्याच्या.

पण ह्या गोष्टीतली मला टोचणारी बाजू सिमची नाही. त्या मुलीच्या खात्यात पैसे होते. पहिल्या दिवसापासून पुरेसे होते. तरी ती तीन महिने अर्धपोटी राहिली आणि शेवटच्या दिवशी कड्याच्या टोकावर उभी राहिली, कारण बापाच्या पैशाला हात लावायचा तिला संकोच होता. आणि बापानं कधी विचारलं नाही, कारण आपल्याकडे लेकीला पैशाचं विचारणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं. ती जाण्याआधी माझ्या टेबलापाशी बसलो असताना ते पैसे ठेवायचे कशासाठी, हे कुणीच मोठ्यानं बोललं नव्हतं. मीही नाही. मी फक्त यादी वाचली होती.

म्हणून ह्या वेळी बोलते. रेवा, तुझ्या खात्यातली निम्मी रक्कम माझ्या निवृत्तीच्या पैशांतली आहे, हे तुझ्या बाबानं तुला सांगायला नको होतं, पण सांगितलं. मंगळवारी ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कमही लिहिलेली होती. मी वाचली. ती फार मोठी नव्हती. घरभाड्याएवढी होती. तू तीनदा दाबलंस आणि तीनदा मला फोन करायचं टाळलंस. माझी पेन्शन सुरू आहे, मला औषधं दोनच आहेत आणि ते पैसे मी तुझ्या नावावर टाकले तेव्हाच माझ्या हिशेबातून वजा केले. नील, तुझी पाळी पुढच्या वर्षी आहे, तेव्हा तूही हे वाचून ठेव.

रेवा, आपला प्रश्न मी ठरवला आहे. तुझ्या पाचव्या वाढदिवसाला तू माझ्या पर्समध्ये काय लपवलं होतंस? उत्तर इथे छापत नाही.

अश्विनी आता तिकडेच नोकरी करते. आबांनी मोटरला दुसरं सिम घेतलं. मुलीचं सिम बटणांच्या फोनमध्ये आहे. त्याची आता कुणाला गरज नाही, तरी ते दर महिन्याला रिचार्ज करतात. हा लेख लिहिण्याआधी मी तो नंबर लावून पाहिला. आबांनी उचलला.

तुझा फोन फळीवर आहे, चहाच्या डब्याशेजारी. चार्ज केलेला आहे आणि चालू आहे.